जगभरची चलनं सॉफ्टवेअरमध्ये मांडताना: रक्कम, कोड आणि दशांश

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विक्रीचं सॉफ्टवेअर आजवर एकाच चलनात चाललं, रक्कम ‘डबल’ (संगणकात अपूर्णांक ठेवण्याचा नेहमीचा प्रकार) प्रकारच्या कॉलममध्ये आहे आणि सगळीकडे दोन दशांश गृहीत धरलेत. आता साठेक चलनं जोडायची आहेत, त्यांत येनही आहे आणि कुवेती दिनारही. मग रक्कम शंभराने गुणून पूर्णांकात ठेवावी की डेसिमलमध्ये (दशांश जसेच्या तसे साठवणाऱ्या प्रकारात), आणि चलनासाठी चिन्हाचा एक कॉलम पुरेल का?

पूर्णांक की डेसिमल हा वाद मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन, कारण दोन्हींनी काम नीट होतं. तुमच्या प्रश्नात खरा धोका ‘शंभराने गुणून’ या शब्दांत आहे. तो शंभर हा आकडा आत्ता तुमच्या कोडमध्ये शे-दोनशे ठिकाणी विखुरलेला असणार आणि तो प्रत्येक चलनाला वेगळा असतो. शिवाय काळानुसार बदलतो. तो एकाच जागी, डेटा म्हणून ठेवलात तर बाकीचं बरंच काम सोपं होईल.

आधी ‘डबल’बद्दल. तो का नको, हे ‘अचूक नसतो’ एवढ्यावर सोडलं तर लोकांना पटत नाही, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. १९.९९ डॉलर ही रक्कम डबलमध्ये ठेवा आणि १०० ने गुणा. उत्तर १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. हे पूर्णांकात बदलताना बहुतेक भाषा दशांशानंतरचा भाग सरळ कापून टाकतात, म्हणजे हातात १९९८ राहतात आणि एक सेंट गेला. स्क्रीनवर दाखवताना मात्र तोच आकडा दोन दशांशांपर्यंत राउंड होऊन १९.९९ दिसतो. त्यामुळे स्क्रीनवर सगळं बरोबर आणि बँकेच्या फाइलमध्ये एक सेंट कमी, अशी चूक तयार होते आणि ती शोधण्यात दिवस जातात. कारण साधं आहे. डबल दोनच्या घातांवर चालतो, आणि ०.१ किंवा ०.९९ असले आकडे दोनच्या घातांच्या सांत बेरजेत मांडताच येत नाहीत. ०.१ दहा वेळा मिळवलं तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. १.००५ दोन दशांशांना राउंड केलं तर १.०१ ऐवजी १.०० मिळतं, कारण आत साठवलेला आकडा मुळात १.००५ पेक्षा किंचित लहान असतो. राउंडिंगचं फंक्शन तिथे बरोबरच वागत असतं, त्याला दिलेला आकडाच वेगळा असतो.

आता चलनांकडे. आयएसओ ४२१७ हे मानक १९७८ मध्ये पहिल्यांदा आलं. त्यात प्रत्येक चलनाला तीन अक्षरी कोड, तीन अंकी कोड आणि मुख्य एककाचं लहान एककाशी नातं सांगणारा दशांशांचा आकडा असतो. अमेरिकी डॉलर यूएसडी, ८४०, दशांश २. जपानी येन जेपीवाय, ३९२, दशांश ०. कुवेती दिनार केडब्ल्यूडी, ४१४, दशांश ३, कारण एका दिनारचे हजार फिल्स होतात. बहरीन, ओमान, जॉर्डन आणि ट्युनिशिया यांची चलनंही तीन दशांशांची. दक्षिण कोरियाचा वॉन, व्हिएतनामचा डोंग, चिलीचा पेसो आणि आइसलँडचा क्रोना शून्य दशांशांचे. चिलीत ‘युनिदाद दे फोमेंतो’ नावाचं महागाईशी जोडलेलं हिशेबाचं एककही आहे. त्याचा कोड सीएलएफ आणि दशांश ४. त्याची नाणी-नोटा नाहीत, पण करारांमध्ये ते येतं.

हा दशांश कोडमध्ये पक्का केला तर काय होतं? शंभराने गुणणाऱ्या कोडला हजार येनचं बिल दिलं की तो १,००,००० पाठवतो, आणि पलीकडची पेमेंट सेवा त्याचा अर्थ एक लाख येन असाच घेते. ग्राहकाकडून शंभरपट पैसे कापले जातात. दिनारच्या बाबतीत उलटं. १.२३४ दिनार गुणिले १०० म्हणजे १२३.४, मग ते १२३ होतं आणि पलीकडे ते १२३ फिल्स, म्हणजे ०.१२३ दिनार म्हणून वाचलं जातं. येनमधली चूक ग्राहक तासाभरात कळवतो. दिनारमधली चूक त्याच्या फायद्याची असते, त्यामुळे महिनाअखेरीच्या ताळ्यापर्यंत ती कुणाला दिसत नाही. चाचणीत मी दिनारकडे जास्त लक्ष देतो ते यासाठीच.

आयएसओचा आकडा मिळाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. मादागास्करचा एरियारी आणि मॉरिटानियाचा उगिया यांचे पाच-पाच भाग होतात, दहाच्या पटीत नाहीत. मानकात तरी त्यांना दशांश २ च दिलेला आहे. इराकी दिनारला आयएसओ तीन दशांश देतं, पण आकडे आणि तारखा त्या-त्या भाषेत कशा दाखवायच्या याची माहिती पुरवणारा सीएलडीआर हा साठा शून्य देतो, कारण व्यवहारात फिल्स उरलेले नाहीत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एक हिशेबाबद्दल बोलतो आणि दुसरा दाखवण्याबद्दल. शिवाय पेमेंट सेवांचं स्वतःचं कोष्टक असतं. तीन दशांशी चलनांत शेवटचा अंक शून्यच हवा अशी अट काही सेवा घालतात. म्हणून मी तीन वेगळे आकडे ठेवतो: हिशेबाचे दशांश, दाखवायचे दशांश, आणि प्रत्येक बाहेरच्या सेवेशी बोलण्याचे दशांश. शेवटचा आकडा त्या-त्या सेवेच्या जोडणीच्या कोडजवळच राहतो. मुख्य कोष्टकात तो मिसळू नका.

चिन्हाचा कॉलम मुळीच नको. $ हे चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर यांचे डॉलर वापरतात, मेक्सिकोचा पेसोही वापरतो. ¥ येनचंही आणि चिनी युआनचंही. ‘क्रोना’ कुळातल्या स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड या चारही चलनांचं संक्षिप्त रूप सारखंच. चिन्हावरून चलन ओळखता येत नाही, त्यामुळे चिन्ह फक्त दाखवताना कोडवरून काढायचं. चिन्ह साठवण्यात आणखी एक अडचण आहे. ₹ युनिकोडमध्ये २०१० साली आलं, तुर्की लिराचं ₺ २०१२ मध्ये, रशियन रुबलचं ₽ २०१४ मध्ये. बिल छापणारं जुनं यंत्र किंवा पीडीएफमध्ये गुंफलेला जुना फाँट यांत ती नसतात आणि कागदावर रिकामा चौकोन उमटतो. अशा ठिकाणी सरळ तीन अक्षरी कोड छापावा. वाचणाऱ्याला कळतो आणि फाँटवर अवलंबून नसतो.

कोडबद्दल काही बारीक गोष्टी, ज्या सहसा उशिरा लक्षात येतात. तीन अंकी कोड संख्या म्हणून साठवू नका. बहरीनचा कोड ०४८ आहे, ऑस्ट्रेलियाचा ०३६. संख्येच्या कॉलममध्ये त्यांचे ४८ आणि ३६ होतात, आणि सीएसव्ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा जतन केली तरी तेच होतं. तीन अक्षरी कोड मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) करताना भाषेची सेटिंग स्पष्ट द्या. तुर्की सेटिंग असलेल्या यंत्रावर लहान ‘आय’चं मोठं रूप टिंबासह होतं, त्यामुळे लहान लिपीत आलेला आयएनआर मोठा केल्यावर तुमच्या कोष्टकातल्या आयएनआरशी जुळत नाही. आणि शेअर बाजाराची माहिती घेणार असाल तर लंडनमधले बरेच भाव पेन्समध्ये, म्हणजे पौंडाच्या शंभराव्या भागात, येतात. काही माहितीपुरवठादार त्यासाठी पौंडाचा कोड जीबीपीच लिहून शेवटचं अक्षर लहान ठेवून दाखवतात. ते अक्षर मोठं केलंत की भाव शंभरपट झाला. पेन्ससाठीचा तो कोड आयएसओत नाही. म्हणून डेटा आत येतानाच, पहिल्या पायरीवर, त्याचं पौंडात रूपांतर करायचं आणि पुढे तो कोड जाऊ द्यायचा नाही.

‘एक्स’ने सुरू होणाऱ्या कोडांकडेही एकदा नजर टाका. सोनं एक्सएयू, चांदी एक्सएजी. या कोडांना दशांशाचा आकडाच नसतो, त्या जागी ‘लागू नाही’ असं असतं, म्हणून दशांशाचा कॉलम रिकामा असू शकतो हे तुमच्या कोडला माहीत हवं. एक्सएक्सएक्स म्हणजे चलन नसलेला व्यवहार, आणि एक्सटीएस खास चाचणीसाठी राखून ठेवलेला आहे. पण ‘एक्स’ म्हणजे खोटं चलन, असा नियम करून सगळे गाळू नका. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले सीएफए फ्रँक (एक्सओएफ आणि एक्सएएफ) आणि पूर्व कॅरिबियन डॉलर (एक्ससीडी) ही रोज वापरली जाणारी खरी चलनं आहेत. ती अनेक देशांची मिळून आहेत, म्हणून त्यांना एका देशाची अक्षरं मिळाली नाहीत. ‘चलनावरून देश’ काढणारं फंक्शन का लिहू नये, याचं उत्तरही यातच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, पूर्णांक की डेसिमल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि माझा निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: डेटाबेस कोणता, त्या टेबलांवर थेट क्वेरी कोण लिहितं, आणि साठवायची रक्कम अंतिम आहे की अजून हिशेबात आहे.

अंतिम रक्कम म्हणजे जी कुणाकडून घेतली, कुणाला दिली किंवा इनव्हॉइसवर छापली ती. तिच्यासाठी मी ६४ बिटांचा पूर्णांक आणि त्या चलनाचं सर्वांत लहान एकक वापरतो. त्यात अर्धा सेंट बसूच शकत नाही. म्हणजे न राउंड केलेली रक्कम चुकून लेजरमध्ये, म्हणजे हिशेबाच्या वहीत, शिरण्याची वाटच बंद होते. ६४ बिटांत ९२ हजार कोटी कोटींच्या वर आकडा मावतो, तो पुरतो. ३२ बिट मात्र पुरत नाहीत. त्यांची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि व्हिएतनामी डोंगमध्ये घराची किंमत सहज त्यापुढे जाते. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट सगळ्या साध्या संख्या डबलमध्येच ठेवते. तिच्यात पूर्णांक ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच भरवशाचे, म्हणजे दोन दशांशी चलनात सुमारे ९० लाख कोटी. एका बिलाला हे भरपूर आहे, पण मोठ्या संस्थेच्या एकत्रित बेरजेसाठी बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक ठेवणारा प्रकार) वापरा.

पूर्णांकाची एक उणीव मान्य केली पाहिजे. ‘१२९९’ या आकड्याला दशांश माहीत असल्याशिवाय अर्थ नाही. अहवाल लिहिणारे लोक थेट क्वेरी करत असतील तर कुणीतरी येन आणि डॉलर दोन्हींना शंभराने भागणार, हे ठरलेलं. तुमच्याकडे असं असेल तर टेबलांवर व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी तयार क्वेरी) बांधा आणि त्यात मुख्य एककातली रक्कम तयार करून द्या. ते जमणार नसेल तर सरळ डेसिमल निवडा, मला त्यात काही गैर वाटत नाही. डेसिमलमध्ये किमान चार दशांश ठेवा, म्हणजे दिनार आणि सीएलएफ दोन्ही बसतील. मात्र तिथे प्रत्येक रक्कम त्या चलनाच्या दशांशांशी जुळते का, याची तपासणी डेटाबेसच्या नियमाने करावी लागते, कारण कॉलम स्वतः येनमध्ये १२.३४ नाकारणार नाही.

दर, एकक किंमत, व्याज आणि करांचे टक्के यांना पूर्णांक चालत नाही. एका मेसेजची किंमत ०.००३५ डॉलर असू शकते. हे डेसिमलमध्येच ठेवा, आणि गुणाकार झाल्यावर अंतिम रकमेत एकदाच राउंड करा.

डेटाबेसनुसार थोडं सांभाळायला लागतं. पोस्टग्रेसमध्ये ‘न्यूमेरिक’ उत्तम आहे. तिथला ‘मनी’ नावाचा प्रकार मोहक दिसतो, पण त्याचे दशांश आणि चिन्ह सर्व्हरच्या भाषा-सेटिंगवर ठरतात, म्हणून अनेक चलनांसाठी तो निरुपयोगी. एसक्यूएल सर्व्हरचा ‘मनी’ चार दशांशांवर अडतो आणि भागाकारात मधली उत्तरंही तिथेच कापली जातात. एसक्यूलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकारच नाही. कॉलमला ते नाव दिलं तरी अपूर्णांक आत डबल म्हणूनच जातो, म्हणून तिथे पूर्णांक हाच पर्याय.

भाषांमध्ये चूक बहुतेक वेळा दारातच होते. जावाचा बिगडेसिमल किंवा पायथनचा डेसिमल बनवताना त्याला ०.१ हा डबल दिला, तर तो डबलमधली चूक इमानाने जपतो आणि ०.१००००००००००००००००५५ असा लांबलचक आकडा धरून बसतो. नेहमी मजकूर, म्हणजे स्ट्रिंग द्या. जावात २.० आणि २.०० यांची ‘इक्वल्स’ने तुलना केली तर ते वेगळे ठरतात. तुलनेसाठी ‘कम्पेअरटू’ वापरा. आणि १० भागिले ३ राउंडिंग न सांगता केलंत तर जावा अपवाद फेकतं. मला हे आवडतं, कारण राउंडिंग कसं हवं हा निर्णय तुमच्याकडून मागितला जातो.

रक्कम आणि चलन कोडमध्ये कधी सुटे फिरू देऊ नका. एकच प्रकार बनवा, त्यात दोन्ही, आणि तयार झाल्यावर बदलता न येणारा. त्याच्या बेरजेत चलनं वेगळी निघाली तर त्रुटी फेकायची, गुपचूप रूपांतर करायचं नाही. गुणाकार फक्त संख्येशी, रकमेचा रकमेशी नाही. डेटाबेसमध्येही प्रत्येक रकमेशेजारी तीन अक्षरांचा कोड, दोन्ही सक्तीचे. ‘चलन तर ऑर्डरच्या टेबलात आहेच, प्रत्येक ओळीत कशाला?’ असं विचारलं जातं. उत्तर असं, की एक दिवस डिलिव्हरी शुल्क दुसऱ्या चलनात येतं, आणि तेव्हा ते साठवायला जागाच नसते.

राउंडिंगबद्दल आधी लिहून ठरवा. किती ठिकाणी, कोणत्या पायरीवर, कोणत्या पद्धतीने. नेहमीची पद्धत अर्ध्याला वर नेते. बँकांची पद्धत अर्ध्याला सम अंकाकडे नेते, म्हणजे २.५ चे २ आणि ३.५ चे ४, त्यामुळे हजारो नोंदींत कल एका बाजूला झुकत नाही. पायथनचा डेसिमल न सांगता दुसरी वापरतो, तर बरीचशी करांची नियमावली पहिली मागते. म्हणून पूर्वनिर्धारित पद्धतीवर कधीच विसंबू नका, प्रत्येक ठिकाणी नाव घेऊन लिहा. पायरीचाही फरक पडतो. १.०३ च्या तीन वस्तूंवर १५ टक्के कर. प्रत्येकीवर वेगळा काढला तर ०.१५४५ चे ०.१५, तिन्हींचे ०.४५. एकूण ३.०९ वर काढला तर ०.४६३५ चे ०.४६. दोन्ही हिशेब आपापल्या नियमाने बरोबर आहेत. नियम कोणता, हे त्या देशाच्या करकायद्यातून किंवा लेखापालाकडून घ्यायचं, प्रोग्रामरने ठरवायचं नाही.

रोख व्यवहाराचं राउंडिंग वेगळंच. स्विस फ्रँकचे दशांश दोन आहेत, पण सर्वांत लहान नाणं ५ रापेनचं. रोखीत १२.३२ चे १२.३० होतात आणि १२.३३ चे १२.३५. कॅनडाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटच्या नाण्याचं वितरण थांबवलं, तिथेही रोख बिल पाच सेंटांच्या पटीत येतं. कार्डाने पैसे दिले तर दोन्हीकडे पूर्ण अचूक रक्कम. त्यामुळे हे राउंडिंग पैसे भरण्याच्या पायरीवर, भरण्याचा प्रकार कळल्यावरच करायचं, आणि तो फरक लेजरमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून नोंदवायचा.

वाटणीतही असाच एक सेंट निसटतो. १०० डॉलर तिघांत वाटताना प्रत्येकी ३३.३३ केले तर बेरीज ९९.९९. यासाठी भागाकार न वापरता वाटणीचं वेगळं फंक्शन लिहा. १०,००० सेंट, भागाकार ३,३३३, बाकी १, आणि ती बाकी ठरलेल्या क्रमाने एकेक वाटत जायची: ३३.३४, ३३.३३, ३३.३३. क्रम कायम तोच हवा, नाहीतर रिफंडच्या वेळी तो जादा सेंट दुसऱ्याच ओळीवर येईल.

विनिमय दराचं काम तुमच्याकडे लवकरच येणार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. कॉलमचं नाव नुसतं ‘दर’ ठेवू नका. कोणत्या चलनातून कोणत्या चलनात, हे दोन कॉलमांत लिहा. मूळ रक्कम, दर, दराची वेळ, दराचा स्रोत आणि रूपांतरित रक्कम या पाचही गोष्टी साठवा. नंतर पुन्हा गुणून तीच रक्कम मिळेल अशी आशा धरू नका. आणि उलटा दर राउंड करून ठेवू नका. युरो येताना युरोपीय संघाने १९९७ च्या ११०३ क्रमांकाच्या नियमावलीत हे स्पष्ट बांधून घातलं. दर सहा सार्थ अंकांत, उलटा दर वापरायचा नाही, आणि दोन जुन्या चलनांमधलं रूपांतर युरोतूनच, मधली रक्कम किमान तीन दशांशांपर्यंत ठेवून. एक युरो म्हणजे १९३६.२७ इटालियन लिरा. दहा लाख लिरा भागिले १९३६.२७ केलं की ५१६.४६ युरो. तेच कुणी उलटा दर ०.०००५१६५ करून गुणला तर ५१६.५०. एका व्यवहारात चार सेंटांचा फरक, आणि तो प्रत्येक व्यवहारात एकाच बाजूला. हा नियम कायद्याने फक्त युरोला लागू होता, पण मी तो सगळ्या चलनांना लावतो.

इथवरचं एका वाक्यात: कोड ही ओळख, दशांश कोष्टकात, अंतिम रक्कम पूर्णांकात, दर डेसिमलमध्ये, राउंडिंग लिहून ठरवलेलं. राहिला काळाचा प्रश्न, बाहेरून येणारी-जाणारी रक्कम, आणि तुमचा जुना डेटा.

चलनं बदलतात. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला दहा लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा केला, कोड टीआरएल बदलून टीआरवाय झाला. बेलारूसने १ जुलै २०१६ ला दहा हजारास एक केलं, बीवायआरचा बीवायएन झाला. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला ७.५३४५० कुनांना एक युरो या दराने कुना बंद केला. म्हणून कोष्टकात प्रत्येक चलनाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारखा हव्यात. बंद झालेलं चलन पुसायचं नाही, जुने इनव्हॉइस त्याच्यावर उभे असतात. नव्या व्यवहारात फक्त ते निवडता येऊ नये. व्हेनेझुएलाने २०२१ मध्ये सहा शून्यं काढली तेव्हा व्यवहारात व्हीईएस हाच कोड चालत राहिला. अशा वेळी कोडवरून कळत नाही, नोंदीची तारीखच आधार. दशांश बदलण्याचीही शक्यता असते. म्हणून पूर्णांक साठवताना मी त्या ओळीत तेव्हाचा दशांशही लिहून ठेवतो. एका बाइटचा खर्च आहे, पण दहा वर्षांनी ती ओळ एकटी वाचली तरी अर्थ लागतो. ६४ बिटांनाही मर्यादा आहे, हे हंगेरीत १९४६ मध्ये निघालेल्या नोटेवरून कळावं. ती दहाच्या विसाव्या घाताएवढ्या पेंग्योंची होती, म्हणजे एकच नोट या पूर्णांकात मावली नसती. आजच्या कोणत्याही सरकारी चलनाला ही अडचण नाही. क्रिप्टोला आहे. बिटकॉइनचे आठ दशांश बसतात, पण ईथरचे अठरा दशांश घेतले तर ६४ बिटांत जेमतेम ९.२२ ईथर मावतात. ते करणार असाल तर पहिल्या दिवसापासून मोठे पूर्णांक घ्या.

वापरणाऱ्याकडून रक्कम घेताना एकच मजकूर तीन अर्थांचा असू शकतो. ‘१.२३४’ हे जर्मन सेटिंगमध्ये एक हजार दोनशे चौतीस. इंग्रजी सेटिंगमध्ये कुवेती दिनार असेल तर एक दिनार दोनशे चौतीस फिल्स. तिथेच डॉलर असेल तर चूक. त्यामुळे वाचणाऱ्या फंक्शनला भाषा आणि चलन दोन्ही लागतात, आणि दशांश जास्त निघाले तर गुपचूप राउंड न करता परत विचारायचं. दाखवताना स्वल्पविराम आणि चिन्हाची जागा वाचणाऱ्याच्या भाषेवर ठरते, चलनावर नाही. हे काम हाताने करू नका, सीएलडीआरवर चालणारी लायब्ररी वापरा. मात्र तिचं उत्तर पुन्हा आकड्यात बदलायला जाऊ नका. फ्रेंचमध्ये हजारांच्या मध्ये न तुटणारी अरुंद मोकळी जागा येते, ती साध्या स्पेसशी जुळत नाही. मराठी सेटिंगमध्ये तर आकडेच देवनागरी येतात. पायथन ‘१२३’ हे देवनागरी आकडे पूर्णांकात नीट बदलतं, जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ मात्र ‘संख्या नाही’ असं उत्तर देतं. जावा ८ वरून ९ वर जाताना भाषांचा डेटा मुळात सीएलडीआरचा झाला आणि छापील मजकूर ताडून पाहणाऱ्या चाचण्या तुटल्या, तेही याच जातीचं. चाचणी आकड्याची करा, मजकुराची नको.

दोन प्रणालींमध्ये जेसनने (डेटा पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपाने) रक्कम पाठवताना ती स्ट्रिंगच ठेवा, सोबत कोड. जेसनमधली संख्या बरेच पार्सर डबलमध्येच उघडतात आणि वर केलेली सगळी मेहनत त्या एका ओळीत जाते.

शेवटी तुमचा जुना डबल कॉलम. त्याला शंभराने गुणून पूर्णांकात कापू नका, १९.९९ चं काय होतं ते वर पाहिलंच. प्रत्येक आकडा आधी त्याच्या सर्वांत आखूड दशांश मजकुरात बदला (आजच्या बहुतेक भाषा छापताना हेच करतात), तो डेसिमलमध्ये वाचा, चलनाच्या दशांशांना राउंड करा आणि नव्या कॉलममध्ये लिहा. जुना कॉलम राहू द्या. मग दोन्हींतला फरक काढा. ०.००००१ च्या आतला फरक डबलचा आहे, तो सोडून द्या. त्याहून मोठा फरक असलेल्या ओळी म्हणजे कधीतरी राउंड न करताच साठवलेल्या रकमा. त्या आपोआप दुरुस्त करू नका. त्यांची यादी काढा आणि इनव्हॉइसवर किंवा बँकेच्या नोंदीत जी रक्कम आहे तीच नव्या कॉलममध्ये घाला, कारण ग्राहकाने तेवढेच पैसे दिलेत. त्यानंतर काही आठवडे दोन्ही कॉलम लिहीत राहा, रोज दिवसाच्या बेरजा चलनानुसार ताडून बघा, आणि पूर्ण महिन्याचा ताळा एकही फरक न येता बसला की वाचन नव्या कॉलमवर न्या. येन आणि दिनार त्यानंतरच चालू करा.